भूकोश पोर्टल: अभयारण्याखालच्या खनिजाची किंमत यावरून काढता येते का?

जमिनीखाली काय आहे हे घरबसल्या, एक पैसा न देता बघायचं असेल तर भूकोश उत्तम आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या (जीएसआय) या पोर्टलवर १:५०,००० चे भूवैज्ञानिक नकाशे, भूरसायन, गुरुत्व आणि चुंबकीय मोजमापं, खनिजांच्या नोंदी असं सगळं एकत्र मिळतं. नोंदणी केली की शेपफाइल (नकाशाची संगणकीय फाइल) उतरवून घेता येते. मात्र नकाशावरचा खनिजाचा ठिपका बघून कोटींचे आकडे मांडायचा मोह अनेकांना होतो, आणि त्या कामात हे पोर्टल निम्म्या वाटेपर्यंतच सोबत करतं.

आधी सीमा. अभयारण्याची किंवा पर्यावरण-संवेदनशील क्षेत्राची हद्द राजपत्रातल्या अधिसूचनेतून घ्यावी. तिथे बहुधा अक्षांश-रेखांशांचा तक्ता असतो, अंश-मिनिट-सेकंदात. १५ अंश ३० मिनिटं म्हणजे १५.५०. घाईत १५.३० टंकलं तर बिंदू सुमारे २२ किलोमीटर सरकतो आणि अभयारण्य थेट दुसऱ्या तालुक्यात जाऊन बसतं. ही चूक निदान लगेच दिसते. न दिसणारी चूक डेटमची, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावर मोजले त्याची: जुने टोपोशीट (सर्वेक्षण खात्याचे क्रमांकित नकाशे) आणि खाणपट्ट्यांचे जुने नकाशे एव्हरेस्ट डेटमवर आहेत, भूकोशचा डेटा डब्ल्यूजीएस ८४ वर. रूपांतर न करता एकावर एक ठेवले तर शंभर-दोनशे मीटरचा फरक सहज पडतो. राष्ट्रीय उद्यान, अभयारण्य आणि त्यांच्या सीमेपासून १ किलोमीटरपर्यंत खाणकाम चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये देशभरासाठी पुन्हा स्पष्ट केलं आहे (गोव्याला २०१४ च्या निकालापासूनच हे लागू होतं). तेव्हा खाणपट्टा त्या रेषेच्या आत की बाहेर, हे शंभर मीटरवर ठरू शकतं.

अंतर आणि क्षेत्रफळ मोजण्याआधी प्रक्षेपण बदलायला, म्हणजे अंशांतला नकाशा मीटरमध्ये आणायला विसरू नये. गोवा, कोकण, कोल्हापूरसाठी यूटीएम ४३ उत्तर (सॉफ्टवेअरमधला क्रमांक ईपीएसजी ३२६४३), चंद्रपूर-गडचिरोलीसाठी ४४ उत्तर (३२६४४). पोर्टलवरचा शोध टोपोशीट क्रमांकावरून घेतलेला बरा. ताडोबाच्या आसपासचा भाग ५५ पी/७ आणि ५५ पी/८ मध्ये येतो.

भूकोशचा खरा ऐवज म्हणजे राष्ट्रीय भूरसायन मानचित्रणाचा थर, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही त्याच्याच वाट्याला येतात. ओढ्यांतला गाळ १ बाय १ किलोमीटरच्या चौकटींतून गोळा करतात आणि चार चौकटींचा मिळून एक नमुना तपासतात. म्हणजे एक आकडा ४ चौरस किलोमीटरचा. शिवाय गाळ वाहून आलेला असतो, त्यामुळे त्याचा उगम ओढ्याच्या वरच्या अंगाला शोधायचा, ठिपक्याच्या खाली नाही. कोकणात आणि गोव्यात दुसरा घोळ जांभ्याचा. जांभा मुळातच लोहाने भरलेला, त्यामुळे लोहाचा नकाशा जिकडेतिकडे लालभडक दिसतो. ते लोहखनिज नव्हे. दख्खनच्या बसाल्टवरही तांबं, निकेल, व्हॅनेडियम, टायटॅनियम यांची पातळी एरवीच चढी असते. म्हणून प्रत्येक खडकासाठी मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) वेगळा काढावा आणि त्याच खडकात कोण उठून दिसतं ते पाहावं. बसाल्ट आणि ग्रॅनाइटचे नमुने एकाच मापपट्टीवर रंगवले तर नकाशात फक्त खडक बदलल्याची रेघ दिसते.

खनिजाची नोंद म्हणजे साठा नव्हे. २०१५ च्या खनिज पुराव्याच्या नियमांत अन्वेषणाच्या चार पायऱ्या आहेत: जी४ टेहळणी, जी३ प्राथमिक, जी२ सर्वसाधारण, जी१ तपशीलवार. संबंधित जीएसआय अहवाल उघडून पायरी बघितल्याशिवाय टनांना हात लावू नये. जी४ चा अंदाज ऐकीव माहितीपेक्षा बरा, इतकंच. जी१ पूर्ण असलं तरी आर्थिक आणि कायदेशीर बाजू लंगडी असेल तर तो माल ‘साठा’ ठरत नाही, ‘उर्वरित संसाधन’ म्हणूनच पडून राहतो. कर्नाटकातलं कुद्रेमुख हे याचं ठळक उदाहरण. मॅग्नेटाइट (एक लोहखनिज) तिथे आजही आहे, पण राष्ट्रीय उद्यानातली ती खाण २००५ अखेर बंद झाली.

आता पैसे. इथे भूकोश संपतं आणि नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोच्या मासिक तक्त्यांकडे वळावं लागतं. सरासरी विक्री किंमत राज्यवार आणि प्रतवार असते, लोहखनिजात डल्ले आणि चुरा वेगळे. हा भाव खाणीच्या तोंडाशीचा असतो. बंदरावरचा निर्यात भाव त्या जागी घातला की वाहतूक आणि बंदराचा खर्चही खनिजाची किंमत होऊन बसतो.

समजा (सगळे आकडे गृहीत) ६०० मीटर लांब, ८० रुंद, ४० खोल असा लोहखनिजाचा पट्टा आहे. १९.२ लाख घनमीटर, घनता ३.५, म्हणजे ६७.२ लाख टन. भाव टनाला २,००० रुपये धरला तर १,३४४ कोटी. बातमीचा मथळा इथेच तयार होतो. पण हाती लागणारं ७० टक्के धरा: ९४१ कोटी. त्यावर १५ टक्के रॉयल्टी, म्हणजे सरकारच्या पदरी १४१ कोटी, तेही २० वर्षांत विभागून, वर्षाला साधारण ७ कोटी. आधीची पाच वर्षं परवानग्यांत गेली आणि वटाव (उद्याच्या पैशांचं आजचं मूल्य काढताना दरवर्षीची घट) ८ टक्के धरला, तर आजचं मूल्य उरतं सुमारे ४७ कोटी. लिलावातला प्रीमियम (बोलीदाराने सरकारला कबूल केलेली जादा रक्कम) आला की हा आकडा बराच वाढतो, त्यामुळे तो वेगळ्या ओळीत दाखवावा, रॉयल्टीत मिसळू नये.

याच कागदावर शेजारी वनजमिनीचं निव्वळ वर्तमान मूल्य (वनजमीन दुसऱ्या कामाला घेताना भरायची भरपाई) मांडून बघावं. २०२२ च्या दरांत अतिदाट जंगलाचा सगळ्यात खालचा दर हेक्टरी ९,५७,७८० रुपये. अभयारण्यात त्याच्या पाचपट, राष्ट्रीय उद्यानात दहापट. खाण, डंप (टाकाऊ मातीचे ढीग), रस्ते मिळून १०० हेक्टर धरले तर अभयारण्यात जवळपास ४८ कोटी. ही रक्कम खाणवाला भरतो, रॉयल्टीतून वजा होत नाही, पण दोन्ही आकडे एका नजरेत आले की १,३४४ कोटींचा रुबाब उतरतो.

एकूण मत: खडक, रचना आणि कुठे शोधायचं यासाठी भूकोशला पूर्ण गुण. टनांसाठी काठावर पास. रुपयांसाठी ते बनवलेलंच नाही, त्यामुळे तिथे गुण देण्यात अर्थ नाही. डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेलं राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडार सोबत उघडून ठेवावं, एकाच भागाचे अहवाल ताडून बघायला सोयीचं पडतं. समुद्राखालच्या खनिजांना २००२ चा स्वतंत्र कायदा आहे, तिथे वरचं रॉयल्टीचं गणित जसंच्या तसं वापरू नये.

आणि डाऊनलोड केलेल्या फाइलच्या नावात तारीख घालावी. थर सुधारले जातात, आणि सहा महिन्यांनी कोणी आकड्यावर बोट ठेवलं तर कोणत्या दिवशीचा नकाशा वापरला हे सांगता आलं पाहिजे.