ठासणीच्या रायफलीसोबत दहा महिने

ठासणीची, म्हणजे तोंडाकडून दारू-गोळी ठासून भरायची बंदूक घेतली असं आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "माकडां हाकूक घेतलंस काय रे?" सावंतवाडीजवळच्या आमच्या गावात ठासणीची म्हणजे शेतराखणीचीच. तिकडे शिकारीला 1972 च्या कायद्याने बंदी. मी राहतो पेनसिल्व्हेनियात, आणि इथे नाताळच्या दुसऱ्या दिवशी हरणांचा असा हंगाम सुरू होतो की ज्यात फक्त चकमकीची बंदूक चालते. केप (घोड्याच्या ठोक्याने पेटणारी छोटी टोपी) नाही, आधुनिक इनलाइन (दारूच्या थेट मागून पेटणारी ठासणीची) नाही. 1974 पासून ही प्रथा आहे. मला तो हंगाम करायचा होता, त्यामुळे चकमक की केप हा प्रश्न माझ्यापुरता निकालात निघाला होता. तुमच्या राज्यात केप चालत असेल आणि पहिलीच बंदूक असेल, तर खुशाल केपाची घ्या. निम्मा मनस्ताप वाचेल.

मी मार्चमध्ये घेतली ती हॉकेन या जुन्या अमेरिकन शिकारी रायफलीच्या धाटणीची, अर्ध्या कुंद्याची (लाकूड निम्म्या नळीपर्यंतच), .54 बोअरची (नळीचं भोक 0.54 इंचाचं), 32 इंच नळीची. वजन चार किलोच्या वर. दुकानात इथल्याच लँकेस्टर काउंटीच्या जुन्या जर्मन कारागिरांच्या वळणाची एक लांब, पूर्ण कुंद्याची रायफल होती. दिसायला इतकी देखणी की पाय निघेना. पण तिची नळी कुंद्याला पिनांनी जखडलेली असते. माझ्या रायफलीच्या दोन पाचरी ठोकून काढल्या की नळी आकड्यातून सुटते, मग बादलीत उभी करून आतून गरम पाणी फिरवता येतं. काळ्या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते, रात्रभर राहिली तर गंज धरलाच. म्हणून बार काढला त्याच दिवशी धुणं आलंच. त्या पाण्याला सडक्या अंड्याचा वास येतो. बायकोने ती बादली घरात आणायला कायमची मनाई केली आहे.

निवड करताना लोक नक्षी आणि लाकूड बघत बसतात. माझ्या मते आधी नळीतले आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा बघाव्यात. तुम्हाला कापडात गुंडाळलेली शिशाची गोल गोळीच मारायची असेल, तर आटे सावकाश फिरणारे हवेत: 60 किंवा 66 इंचांत एक फेरा. 48 इंचांचा फेरा म्हणजे तडजोड, गोल आणि लांबट दोन्ही गोळ्या कशाबशा चालवून घेणारी. माझी 60 ची आहे. .530 ची गोळी, .015 जाडीचं सुती कापड आणि 80 ग्रेन (सुमारे पाच ग्रॅम) दारू, एवढं गणित बसायला अख्खा उन्हाळा गेला. आता साठ यार्डांवर गोळ्या तळहातात मावतील एवढ्या जागेत बसतात. त्यापुढे मी बार काढत नाही.

पैसे मात्र कळीवर, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या यंत्रणेवर खर्च करावेत. गार ज्या पोलादी झडपेवर घासते ती फ्रिझन नीट कडक नसेल, तर ठिणगीच पडत नाही आणि बाकी सगळी रायफल शोभेची. दुकानात घोडा चढवून ठिणग्या दाखवा म्हणावं. पॅनमध्ये, म्हणजे कळीवरच्या दारूच्या छोट्या वाटीत, पांढऱ्या, सळसळत्या ठिणग्या पडल्या पाहिजेत. लालसर, मरगळलेल्या दिसल्या तर पुढच्या बंदुकीकडे वळा. आणि अस्सल काळी दारूच घ्या. पर्यायी भुकट्या पेटायला जास्त उष्णता मागतात, चकमकीला त्या दाद देत नाहीत.

एक तक्रार आहे, पण ती धाटणीबद्दल. कुंद्याच्या मागच्या टोकाची पितळी पट्टी चंद्रकोरीसारखी वळलेली असते. पहिल्या दिवशी मी ती नेहमीसारखी खांद्याच्या खोबणीत टेकवली आणि वीस बारांत कोरीची दोन्ही टोकं हिरवीनिळी उमटली. ती बाहेर, दंडाच्या मुळाशी धरायची असते, हे रेंजवरच्या एका म्हाताऱ्याने दाखवलं. दुकानात खांद्याला लावून बघितल्याशिवाय घेऊ नका, हे त्यासाठी.

मग डिसेंबर आला. हंगामाच्या तिसऱ्या दिवशी ओला बर्फ पडत होता. चाळीस पावलांवर व्हाइटटेल हरणाची मादी, आडवी उभी. घोडा पडला, रंजक (पॅनमधली पेटवणीची बारीक दारू) भक्कन पेटली, आणि पुढे काहीच नाही. फुसका बार. मादीने मान वळवून माझ्याकडे बघितलं आणि अगदी निवांत निघून गेली. चूक माझीच. कानाच्या भोकात (पॅनमधली आग नळीत नेणाऱ्या छिद्रात) आदल्या सफाईचं तेल राहिलं होतं, आतली दारू तिथे ओली होऊन बसली होती. आता ठासण्याआधी कोरड्या कापडाने तेल पुसतो, नुसती रंजक एकदा उडवून बघतो, आणि ठासताना भोकात टर्कीचं पीस खोचून ठेवतो. कळीवर चामड्याचं टोपडं असतं. पाऊसपाणी असलं की रंजक दर अर्ध्या तासाने बदलतो, कारण ती दमट होऊन पॅनला चिकटलेली असते.

जानेवारीत जमलं. पंचेचाळीस यार्ड, बुंध्याला रेलून. चकमकीत घोडा पडणं आणि बार उडणं यांत एक निमिष जातं, तेवढ्यात डोळा माशीवरून (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेवरून) हलला की गोळी गेलीच. मी मनात "एक" म्हणून संपेपर्यंत हलत नाही. मग समोर सगळा पांढरा धूर. हरीण पडलं की पळालं काही कळेना, शेवटी गुडघ्यावर बसून धुराखालून बघितलं. साठेक पावलांवर सापडलं.

ठासताना दोन गोष्टींना माफी नाही. दारू साठवायच्या शिंगातून थेट नळीत दारू ओतायची नाही, आत निखारा राहिला असेल तर शिंगच हातात फुटेल. मापाने ओता. आणि गोळी दारूवर पूर्ण टेकलीच पाहिजे, मध्ये पोकळी राहिली तर नळी फुगते किंवा फाटते. मी ठासायच्या गजावर चाकूने दोन खुणा केल्या आहेत: रिकाम्या नळीची आणि ठासलेल्या नळीची. कुंपणापाशी कुणी "भरलेली आहे का?" विचारलं की गज आत सोडून दाखवतो.

जुनी मिळाली तर आधी ओलसर कापडाचा तुकडा गजावरून आत फिरवा. तो अडकत, धागे सोडत बाहेर आला तर आत गंजाचे खड्डे आहेत, मग अक्रोडाचा कुंदा कितीही चकचकीत असो.