शाळांसाठी लॉटरीचा पैसा की कराचा? मत द्यायच्या आधी हे बघा

लॉटरी किंवा कसिनो सुरू करू, त्याचा पैसा शाळांना देऊ, कर वाढवायची गरजच नाही, असा प्रस्ताव आला की ऐकायला भारी वाटतो, कारण जबरदस्ती कुणावरच नाही, ज्याला खेळायचंय तो खेळेल. पण एकदा दोन्ही शेजारी ठेवून बघा.

आधी शंभराचा हिशोब. अमेरिकेतल्या राज्यांच्या लॉटरीत लोकांनी 100 डॉलरची तिकिटं घेतली तर साधारण 60 च्या वर बक्षिसात जातात, मग विक्रेत्याचं कमिशन, जाहिराती, मशीन वगैरे, आणि सरकारच्या हाताला लागतात 25-30 च्या आसपास. तिथल्या केंद्रीय कर खात्याला मात्र 100 डॉलर गोळा करायला अर्धा डॉलरही लागत नाही. म्हणजे शाळेला तेवढीच रक्कम द्यायची तर लॉटरीत लोकांच्या खिशातून तिप्पट-चौपट निघायला हवी. त्यातलं बरंचसं बक्षीस म्हणून परत येतं हे खरं, पण ज्याचं गेलं त्याच्याकडे येत नाही ना. आणि कमाईच्या मानाने तिकिटांवर जास्त खर्च होतो तो कमी पगारवाल्यांचा. करात निदान स्लॅब तरी लावता येतात.

पण मला सगळ्यात जास्त खटकतं ते वेगळंच. समजा शाळांचं बजेट 100, त्यात लॉटरीचे 5 आले आणि अर्थखात्याने गुपचूप आपले 5 काढून घेतले, तर लॉटरीने शाळांना 5 दिले ही जाहिरात शंभर टक्के खरी आणि शाळेत मात्र काहीच बदललेलं नाही, तेच गळकं छप्पर, एका बाकावर तशीच तीन पोरं. वर लोकांना वाटतं शाळांकडे आता बक्कळ पैसा आहे, मग शाळांसाठी कर मागायला गेलं की पहिला प्रश्न, लॉटरीचं काय झालं? कॅलिफोर्नियात 1984 ला लोकांनी शाळांसाठी म्हणून लॉटरीला मत दिलं, आणि आज शाळांच्या एकूण पैशात तिचा वाटा जेमतेम एक-दोन टक्के आहे.

अमेरिकेतल्याच न्यू हॅम्पशायर राज्याचं उदाहरण तर बघाच. पगारावर राज्याचा कर नाही, सेल्स टॅक्स नाही, म्हणून 1964 मध्ये अमेरिकेतली पहिली आधुनिक सरकारी लॉटरी त्यांनी काढली, तीही शिक्षणासाठी. आणि 1997 ला, म्हणजे तब्बल 33 वर्षांनी, तिथल्याच सुप्रीम कोर्टाने सांगितलं की शाळांना पैसे पुरवायची राज्याची पद्धत घटनेत बसत नाही, सगळा भार गावोगावच्या घरपट्टीवर टाकलाय.

दुसरी बाजूही सांगतो. अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्याने 1993 ला लॉटरी काढली तेव्हा पैसा शाळांच्या जनरल बजेटमध्ये सोडला नाही, कॉलेजची होप स्कॉलरशिप आणि चार वर्षांच्या मुलांचे बालवर्ग, असं आधी नसलेलं काहीतरी त्यातून उभं केलं, त्यामुळे पैसा कुठे गेला ते कुणालाही दिसतं. माझ्या मते लॉटरी वापरायचीच तर अशीच. पण तिथेही विद्यार्थी वाढले, तिकिटांचा पैसा पुरेना, आणि 2011 ला स्कॉलरशिप कापावी लागली.

भरवशाचं म्हणाल तर मंदीत करही घसरतो, पण एकट्या जुगारावर विसंबणं जास्त धोक्याचं ठरू शकतं. चीनमधल्या मकाऊचं सरकार जवळपास कसिनोंवरच चालतं, 2020 ला कोविडमध्ये कसिनोंची कमाई एका वर्षात 80 टक्क्यांच्या आसपास आपटली. त्यांच्याकडे मोठी गंगाजळी होती म्हणून निभावलं. अमेरिकेतल्या अटलांटिक सिटी या कसिनोंच्या शहराकडे तसं काही नव्हतं, शेजारच्या राज्यांत कसिनो उघडले, 2014 ला एका वर्षात तिथले चार बंद पडले आणि 2016 मध्ये शहराचा कारभार राज्याला हातात घ्यावा लागला. शिक्षकाचा पगार दर महिन्याला लागतो, यंदा जॅकपॉट लहान होता म्हणून तो थांबवता येत नाही.

म्हणून पगार, इमारती, दवाखाने हे करातूनच चालावं, कर थोडा वाढला तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे. लॉटरीचा प्रस्ताव आलाच तर मसुदा उघडून दोन गोष्टी शोधा: पैसा नेमक्या कुठल्या नव्या कामाला जाणार ते नाव घेऊन लिहिलंय का, आणि सरकार आज शाळांना देतंय ती रक्कम कमी करता येणार नाही असं कलम आहे का. नुसतं ‘शिक्षणासाठी’ एवढंच लिहिलं असेल तर मी सरळ विरोधात मत देईन.