चाकणच्या शॉप फ्लोअरवर कोरियन दुभाषी मॅडम : पाचपैकी पाच

आमचा चाकणला प्लॅस्टिक मोल्डिंगचा कारखाना आहे. कोरियाहून नवीन इंजेक्शन मोल्डिंग मशीन आलं आणि ते बसवून द्यायला तिथला इंजिनीअर आला. त्याचं इंग्रजी जेमतेम, आमच्या ऑपरेटरांना मराठी-हिंदीच सोयीची. अशा वेळी पुण्यातल्या एका फ्रीलान्स दुभाषी मॅडमनी जे काम केलं, ते सविस्तर लिहायलाच हवं.

त्यांच्याआधी एका एजन्सीने एक मुलगा पाठवला होता. टोपिक, म्हणजे कोरियन भाषेच्या परीक्षेची पाचवी लेव्हल, सहापैकी पाचवी. मुलगा हुशार, पण मशीनपाशी उभा राहिला की गप्प. नेहमीच्या टोपिकमध्ये ऐकणं, वाचणं आणि वरच्या लेव्हलना लेखन तपासतात. बोलण्याची परीक्षा वेगळी असते, ती २०२२ पासून सुरू झाली. त्यात दोष त्या मुलाचा नाही. काम कसलं आहे हे एजन्सीने आम्हाला विचारलंच नव्हतं.

मॅडमनी फोनवर पहिल्यांदा मशीनचं मॅन्युअल मागितलं, मग आमच्या पार्टचं ड्रॉइंग. येताना शब्दांची यादी वहीत तयार. क्लॅम्प, नोझल, होल्डिंग प्रेशर, सगळं कोरियन आणि आमच्या बोलीतलं शेजारी शेजारी.

दुसऱ्या दिवशी पार्टवर सिंक मार्क, म्हणजे खोलगट खड्डे यायला लागले. इंजिनीअर 'कुशन, कुशन' म्हणत होता आणि आमचा ऑपरेटर स्क्रू पार पुढे टेकेपर्यंत सेटिंग नेत होता. मॅडमनी दोघांनाही थांबवलं. इंजिनीअरला म्हणाल्या, काढून दाखवा. त्याने पुठ्ठ्यावर बॅरलचं, म्हणजे स्क्रू ज्यात फिरतो त्या नळीचं चित्र काढलं, स्क्रूच्या पुढे थोडा वितळलेला माल शिल्लक दाखवला. मॅडम ऑपरेटरला म्हणाल्या, "दादा, एवढा माल पुढे राहिलाच पाहिजे, नाहीतर दाब पार्टपर्यंत पोचायचा कसा?" त्याला लगेच उमगलं. कळलं नाही तर सरळ विचारायचं, अंदाजाने पुढे रेटायचं नाही, हा त्यांचा गुण मला सगळ्यात मोठा वाटतो.

आकड्यांची तपासणीही त्या स्वतःहून करतात. कोरियन माणूस दहा हजारांच्या पटीत मोजतो आणि त्याचा 'ओक' म्हणजे आपले दहा कोटी. सुट्या भागांचं कोटेशन चालू असताना त्या प्रत्येक रक्कम लाख-कोटीत कागदावर लिहून दोन्ही बाजूंना दाखवायच्या. कोरियन आणि मराठी दोन्हींत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे मध्ये इंग्रजी न आणता थेट मराठीत सांगणं त्यांना सोपं जातं. ऑपरेटरांना तर ते फारच सोयीचं.

अर्धा दिवस काम असलं तरी पैसे पूर्ण दिवसाचे आणि येण्या-जाण्याची गाडी आपली. मला ते रास्त वाटतं. मोठ्या सभेत बोलणाऱ्याच्या जोडीने भाषांतर हवं असेल तर त्या एकट्या येत नाहीत, दुसरा दुभाषी मागतात. अशा कामात वीस-तीस मिनिटांनी माणूस बदलावाच लागतो, तेव्हा इथे घासाघीस करू नका.

करारपत्रांचं भाषांतर मात्र त्या घेत नाहीत, तसं आधीच स्पष्ट सांगतात. आमचं वॉरंटीचं कागदपत्र दिल्लीत जेएनयूमधून कोरियन शिकलेल्या एका भाषांतरकाराकडून करून घेतलं. तुम्ही कोणालाही बोलावणार असाल तर आधी स्वतःच्या मॅन्युअलचं एक पान पाठवा आणि इंजिनीअरशी दहा मिनिटं व्हिडिओ कॉलवर बोलायला लावा. त्या दहा मिनिटांचे पैसेही द्या.