एअरब्रशचा संच, आठ महिन्यांनंतर: मोठे बाबांचं स्पेस शटल आणि आपल्याकडचं ऊन

मागच्या दिवाळीनंतर एअरब्रश (हवेच्या दाबानं रंग फवारणारा ब्रश) आणि त्याला हवा पुरवणाऱ्या छोट्या कॉम्प्रेसरचा संच मागवला, साडेसात हजारांच्या आसपास पडला. घेतला तो एकाच कामासाठी. हिंगणघाटजवळच्या आमच्या गावातल्या घरी माळ्यावर मोठे बाबांनी जोडलेलं स्पेस शटलचं प्लास्टिकचं मॉडेल पडून होतं. १:१४४ प्रमाणाचं कोलंबिया यान, दोन बूस्टर आणि मधली मोठी इंधनटाकी. खरी टाकी सत्तेचाळीस मीटर लांब, मॉडेलची साडेबत्तीस सेंटीमीटर. पोळ्याला बैलांच्या शिंगांसाठी आणलेल्या ऑइलपेंटमधून जे उरलं, त्यानंच मोठे बाबांनी ते रंगवलं होतं. ब्रशचे फराटे बोटाला लागायचे, एक पंख निखळला होता आणि जिथे रंग नव्हता तिथलं पांढरं प्लास्टिक पिवळं पडलं होतं.

एअरब्रश हातात यायच्या आधीच दीड महिना गेला, आणि खरं काम तेच आहे. थिनरचा बोळा आतल्या बाजूला लावून पाहिला तर प्लास्टिक चिकट झालं, तेव्हा थिनर बाद. मग गॅरेजमधून ब्रेक ऑइल आणलं. रबरी हातमोजे घालून सुटे भाग रात्रभर त्यात बुडवले, सकाळी जुन्या टूथब्रशनं घासले. रंग सालीसारखा निघाला. नंतर भांड्याच्या साबणानं दोनदा धुतलं, कारण तेलाचा अंश राहिला तर पुढचा रंग धरत नाही. टाकीचे दोन अर्धे जुन्या गोंदानं घट्ट बसले होते. ते फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवले. थंडीनं गोंद ठिसूळ होतो आणि सांध्यावर हलकं पातं फिरवलं की तो उकलतो. आई म्हणाली, "फ्रिजात हे काय ठेवलं रे बापा? भाजी कुठं ठेवू मी?" तिसऱ्या दिवशी टाकी कटकन उघडली. पुन्हा जोडून सांध्यात पुट्टी भरली आणि चारशे, सहाशे, हजार अशा वॉटर पेपरनं ओली घासली.

आता संचाबद्दल. ब्रश ०.३ मिलिमीटर नोझलचा आहे. घोडा दाबला की हवा, मागे ओढला की रंग. हाताला वजन नेमकं वाटतं. रंग दुधाइतका पातळ केला आणि दाब पंधरा ते वीस पीएसआय ठेवला, तर पांढरा रंग इतका तलम बसतो की प्लास्टिकवरची बारीक रेघही बुजत नाही. ब्रशनं हे कधीच जमलं नसतं. कॉम्प्रेसरला मात्र हवेची टाकी नाही, त्यामुळे हवा धक्क्याधक्क्यानं येते. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की तो नुसता घुमतो.

सोबतच्या माहितीपत्रकात खोलीचं तापमान, थिनर, साफसफाई सगळं आहे. आपल्या हवेचं काही नाही. जानेवारीत घरात कापूस भरलेला होता, भाव वाढायची वाट पाहत. मी त्याच खोलीच्या दारात प्राइमर मारला. उजेडात धरलं तर यानाच्या नाकापासून शेपटीपर्यंत केसाएवढे पांढरे तंतू चिकटलेले. सगळं पुन्हा घासलं. तेव्हापासून आधी जमीन पाण्यानं पुसतो, आणि रंग मारलेला भाग लगेच उपड्या टोपल्याखाली झाकतो.

एप्रिल-मेमध्ये रंग नोझलच्या टोकावरच सुकायचा आणि प्लास्टिकवर खरखरीत पूड बसायची. रंग उशिरा सुकावा म्हणून मिळणारं रिटार्डर घातलं आणि सकाळी साडेसहाच्या आत काम आटपायला लागलो, तेव्हा सुधारलं. कूलरच्या खोलीत वार्निश मारायची चूक करू नका. दमट हवेत माझं वार्निश पांढुरकं पडलं. पावसाळ्यात नळीत पाणी साचून फवाऱ्यात थेंब येतात, म्हणून हवेतलं पाणी अडवणारा वॉटर ट्रॅप लावल्याशिवाय जून-जुलैत हात लावू नये. नको तिथे रंग लागू नये म्हणून चिकटवायची मास्किंग टेपही उन्हाळ्यात रात्रभर ठेवली की गोंद सोडते. टेपच्या कडेवर आधी खालचाच पांढरा रंग एकदा मारायचा, मग काळा. कड सुरीनं कापल्यासारखी निघते.

उन्हाचा फायदा एका ठिकाणी झाला. खोक्यातलं न वापरलेलं डिकल, म्हणजे पाण्यात भिजवून मॉडेलवर चिकटवायची झेंडे-अक्षरं, पिवळं पडलं होतं. प्लास्टिकच्या पिशवीत घालून पूर्वेच्या खिडकीच्या काचेला आठवडाभर चिकटवलं, पिवळेपणा बराच उडाला. पाण्यात घालण्याआधी त्यावर पारदर्शक वार्निशचा हात दिला, तरी एक झेंडा फुटलाच.

सगळ्यात जास्त विचार टाकीच्या रंगाचा केला. खोक्यावरच्या चित्रात ती पांढरी आहे आणि ते बरोबर आहे. एप्रिल १९८१ मधल्या पहिल्या उड्डाणाला आणि त्यानंतरच्या दुसऱ्या उड्डाणाला टाकी पांढरी रंगवली होती. मार्च १९८२ च्या तिसऱ्या उड्डाणापासून रंग सोडून दिला, तेवढ्यानं सुमारे २७२ किलो वजन वाचलं. उघडा राहिलेला टाकीवरचा उष्णतारोधक फोम आधी फिका असतो आणि उन्हात तपकिरी-केशरी होत जातो. मोठे बाबांनी शिंगांचा केशरी लावला होता, मी केशरीच ठेवला. फक्त त्यात तपकिरी आणि थोडा पिवळा मिसळला, आणि उन्हाची बाजू किंचित गडद केली.

पंखाची पुढची कड मोठे बाबांनी काळी केली होती. ती खरी करडी असते, तिथे उष्णता अडवणाऱ्या काळ्या टाइल्स नसून कार्बनचं वेगळं आवरण आहे. २००३ मध्ये टाकीचा फोम सुटून डाव्या पंखाच्या याच कडेवर आदळला. १ फेब्रुवारीला परतताना कोलंबिया तुटलं, कल्पना चावलांसह सातही जण गेले. डावी कड रंगवायला मी एक अख्खी सकाळ घेतली. चार पातळ हात दिले, प्रत्येक हातानंतर भिंगातून पाहिलं.

तक्रारी दोन. सहाव्या महिन्यात आतली रबरी रिंग थिनरनं फुगली आणि घोडा अडकायला लागला. विक्रेत्याला दोनदा लिहिलं, उत्तर नाही. शेवटी दुसरीकडून टेफ्लॉनची रिंग मागवली. नोझलच्या आट्यांतून हवा गळायची, तिथे नळाला लावतात ती पांढरी टेप गुंडाळली. सुई पहिल्याच महिन्यात माझ्याच हातून वाकली, म्हणून एक जादा घेऊनच ठेवा.

पैसे वसूल झाले का? माझे झाले. पण फक्त एक मॉडेल रंगवायचं असेल तर स्प्रेचा डबा पुरेल. वर्षभर हात चालणार असेल तरच हा संच घ्या, आणि जमलं तर टाकीवाला कॉम्प्रेसर बघा.

तान्हा पोळा आठवड्यावर आलाय. लेकीचा लाकडी बैल घासून, प्राइमर मारून ओसरीत टोपल्याखाली वाळतोय. शिंगांसाठी तिनं शटलच्या टाकीचाच रंग मागितलाय, बाटलीत थोडा उरलाय.