प्रियसच्या म्हाताऱ्या बॅटरीसाठी घेतलेला चार चॅनलचा हॉबी चार्जर
न्यू जर्सीत आमची 2008 ची टोयोटा प्रियस (पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी हायब्रिड गाडी) आहे, डॅशबोर्डवर बिघाडाचा लाल त्रिकोण पेटला म्हणून हा एकावेळी चार बॅटऱ्या चार्ज-डिस्चार्ज करणारा चार्जर घेतला आणि खरंच पैसे वसूल! बॅटरी पॅकमध्ये 7.2 व्होल्टची 28 मॉड्यूल्स (प्रत्येकात काही सेल असलेले छोटे बॅटरी-तुकडे), प्रत्येकाला हेडलाइटचा बल्ब लावून दोन मिनिटं लोड दिला तर 27 टिकली, एक झपकन सहा व्होल्टच्या खाली, म्हणजे त्यातला सेल गेलेला, ते बदललं. बाकीच्यांना तीनदा चार्ज-डिस्चार्ज, त्यात पंधरा दिवस गेले, पण कपॅसिटी छान वाढली. चार्जिंगला मॉड्यूल्स घट्ट आवळूनच ठेवा, नाहीतर फुगतात. हिरव्या पडलेल्या तांब्याच्या पट्ट्या व्हिनेगरने चकाचक झाल्या. आणि बाबांनो, 200 व्होल्ट आहेत, आधी हाय व्होल्टेजचे रबरी ग्लव्हज घालाच, मग नारिंगी सर्व्हिस प्लग (बॅटरीचं सर्किट तोडणारा) काढा, दहा मिनिटं थांबा. चार्जरचा फॅन तेवढा फार आवाज करतो.