पवना, भंडारदरा, बामणोली की भिगवण? आधी महिना सांगा

परवा बहिणीचा फोन आला. सव्वीस जानेवारीला जोडून सुट्टी, दोन मुलं, गुडघे दुखणारी आई आणि 'कुठल्यातरी बॅकवॉटरला जाऊ या' असा बेत. तिच्या डोळ्यांपुढे पवनेच्या काठचे रंगीत तंबू होते. मी म्हटलं, आधी महिना बघ, मग सोबतची माणसं बघ, धरण शेवटी ठरव.

कारण ही तळी नव्हेतच. कुणाच्या नळासाठी, कुणाच्या उसासाठी, कुणाच्या विजेसाठी अडवलेलं हे पाणी. ऑक्टोबरात काठोकाठ असतं आणि मेमध्ये त्याच जागी भेगाळलेला गाळ. आपण फोटो बघतो ऑक्टोबरचा आणि सुट्टी टाकतो मुलांच्या परीक्षा संपल्यावर. मग गाडीतून उतरून म्हणतो, 'हेच का ते?'

पुण्याहून सगळ्यात सोपी पवना. गाडीने दीड-दोन तास. लोकलने कामशेतला उतरून पुढे जीपनेही जाता येतं. पाणी पिंपरी-चिंचवडचं, भोवती तुंग, तिकोना, लोहगड आणि विसापूर. पवनेचं खरं वैभव हे किल्लेच. तासाभरात तिकोन्यावर पोचलात की सगळा जलाशय पायाखाली दिसतो. लोहगड तर २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत गेला. पण बहुतेक लोक येतात ते तंबूत राहायला. माणशी पैसे, त्यात चहा-भजी, शेकोटी, जेवण आणि सकाळचे पोहे. आम्ही एकदा राहिलो तिथे शेजारच्या दोन तळांवरचे स्पीकर रात्री एकपर्यंत एकमेकांशी भांडत होते आणि आमचा तंबू उतारावर असल्यामुळे पहाटेपर्यंत आम्ही सगळे एका कोपऱ्यात गोळा झालो होतो. तेव्हापासून फोनवर तीन प्रश्न विचारतो: गाणी किती वाजता बंद होतात, किती तंबूंमागे एक संडास आहे, आणि जागा सपाट आहे का. तिसऱ्या प्रश्नावर समोरचा थबकला तर दुसरी जागा बघायची. शक्यतो शनिवार टाळा. मंगळवारची पवना वेगळीच असते, फक्त वारा आणि गुरांच्या घंटा.

भंडारदऱ्याला मात्र दोन वेगवेगळ्या ठिकाणांसारखं वागवायला हवं. प्रवरेवरचं विल्सन धरण १९१० मध्ये सुरू होऊन १९२६ मध्ये पूर्ण झालं. दगडी बांधकाम, त्यामागे आर्थर लेक, आणि आजूबाजूला रतनगडापासून कळसूबाईपर्यंत (१६४६ मीटर, राज्यातलं सर्वांत उंच शिखर) सह्याद्रीची मोठी माणसं बसलेली. सप्टेंबर ते डिसेंबर हे तळं तुडुंब असतं. रतनवाडीच्या अमृतेश्वराच्या देवळाकडे होडीने जाता येतं किंवा रस्त्याने वळसा घालून. माझं मत होडीला. देऊळ पाण्याकडून हळूहळू जवळ येताना बघायची मजा रस्त्यावर नाही. धरणातून पाणी सोडलेलं असेल तर पायथ्याशी छत्रीच्या आकाराचा अंब्रेला फॉल दिसतो. नसेल तर नुसता खडक. म्हणून निघण्यापूर्वी शेंडी गावात मुक्कामाला जिथे उतरणार तिथेच विचारून घ्यावं, 'पाणी सोडलंय का?'

दुसरं भंडारदरा मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंतचं. पाणी तेव्हा खाली प्रवरेच्या पट्ट्यातल्या उसाला गेलेलं असतं, तलाव केविलवाणा दिसतो. पण वळवाच्या सरी पडल्या की घाटघर, उडदावणे, पांजरे, मुतखेल या गावांच्या आसपास हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे उतरतात. अख्खं झाड एका लयीत पेटतं आणि विझतं. हे बघायला जाणाऱ्यांनी शनिवारी जाऊच नये. अरुंद रस्त्यावर गाड्यांची रांग, प्रत्येकीचे दिवे चालू, आणि त्या उजेडात काजव्यांनी एकमेकांना शोधायचं कसं? नराची लुकलुक ही मादीला दिलेली हाक आहे. आपण तिच्यावर हेडलाइट टाकतो. हा अभयारण्याचा भाग आहे, प्रवेशशुल्क भरावं लागतं. पुण्याहून पाच तासांच्या आसपास लागतात, मुंबईकरांना घोटीवरून त्याहून कमी. लहान मुलं असतील तर एका रात्रीसाठी हा प्रवास मी करणार नाही, दोन रात्री हव्यात.

बामणोली आणि तापोळा एकाच पाण्याच्या काठाला, कोयनेच्या शिवसागराला. तापोळ्याला महाबळेश्वरातून उतरतात, बामणोलीला साताऱ्याहून कास पठार ओलांडून. तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणायची पद्धत आहे. का, ते मला आजतागायत कळलेलं नाही. तापोळा तापोळ्यासारखा आहे आणि तेवढं पुरे. फेरफटका, स्पीडबोट, तीन नद्यांच्या संगमावरचा दत्त, संध्याकाळी परत महाबळेश्वर, असा हलका बेत असेल तर तापोळा. वासोटा किल्ल्यासाठी बामणोली. लाँचने तासाभराहून अधिक पाण्यातून जायचं, पलीकडे वनखात्याच्या चौकीवर नोंद करायची, सोबतच्या प्लास्टिकचा हिशेब द्यायचा, मग घनदाट रानातून चढायचं आणि अंधाराच्या आत परतायचं. गडावर मुक्कामाला परवानगी नाही, पावसाळ्यात वाट बंद असते. खर्चाचा एक मुद्दा बरेच जण विसरतात: भाडं अख्ख्या बोटीचं असतं. चौघे गेलात तर अंगावर येतं, दहा जण जमवलेत तर काहीच वाटत नाही. ज्यांना गर्दीचा वीट आलाय त्यांनी इथेच यावं, फक्त सोबत चालणारी माणसं हवीत. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम. उन्हाळ्यात होडीचा धक्का वर राहतो, पाणी खूप खाली जातं.

भिगवणचं गणित या तिघांच्या उलट. इथलं, म्हणजे उजनी धरणाचं, पाणी जितकं ओसरतं तितकी मजा वाढते. भीमेवरचं हे धरण तब्बल ११७ टीएमसीचं (अब्ज घनफूट). पुणे जिल्ह्यात पाऊस झाला की ते भरतं आणि उन्हाळ्यात 'उजनी मायनसमध्ये' (म्हणजे वापरायचं पाणी संपून मृतसाठ्याला हात) ही बातमी ठरलेली. पाणी उतरून काठचा चिखल उघडा पडला की रोहित पक्षी येतात, म्हणजे साधारण जानेवारी ते मार्च. ज्या वर्षी धरण ओसंडून वाहिलं असेल त्या वर्षी थोडं उशिरा जा. हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब आणि चक्रवाक, शिवाय इथलेच चित्रबलाक, शेकाट्या हे तर हिवाळाभर. कुंभारगाव किंवा डिकसळला पहाटे पोचायचं, मच्छीमाराच्या होडीत बसायचं. तोच तुमचा मार्गदर्शक. दुर्बीण नसतानाही त्याला दूरवरची मोरघार दिसते. चढ नाही, जंगल नाही, तंबू नाही. पुण्यापासून शंभर किलोमीटरच्या आसपास, सोलापूर महामार्गाने सरळ. सौंदर्य म्हणाल तर सपाट, करडं, आणि पुण्याच्या सांडपाण्याचा वास कधीकधी येतोच, तो लपवत नाही.

पाण्यात उतरण्याबद्दल चारही ठिकाणी माझं उत्तर एकच: नाही. काठ दिसतो सपाट, पण खाली जुन्या शेतांचे बांध, विहिरी, मोडलेली झाडं आणि कमरेपर्यंत ओढणारा गाळ असतो. दोन पावलं घोट्याएवढं पाणी आणि तिसऱ्याला तळ नाही. ३० जून २०२४ ला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्याच वर्षी मेमध्ये उजनीत कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट वादळात उलटून सहा जण बुडाले. दुपारनंतर ढग जमले की होडी नकोच. आणि लाइफ जॅकेट 'हे काय, पाणी शांत तर आहे' असं म्हणून बाजूला ठेवणाऱ्या नावाड्याबरोबर बसू नका.

बहिणीला भिगवण सांगितलं. आईला चढायचं नाही, मुलं लवकर उठत नाहीत पण पक्षी दिसतात म्हटल्यावर उठतील, आणि जानेवारीत पाणी उतरायला लागलेलं असतं. ती जरा हिरमुसली, 'पण तंबू?' म्हणाली. तंबू नोव्हेंबरातल्या एखाद्या मंगळवारी, पवनेला. परतीच्या वाटेवर कुंभारगावात घरगुती जेवण मिळतं, तिथे आईसाठी शाकाहारी थाळी आणि स्वतःसाठी तळलेली चिलापी आधीच सांगून ठेव, एवढं मात्र तिला दोनदा बजावलं.