कराड–चिपळूण की कोल्हापूर–वैभववाडी? कोकणात उतरणारा कोणता रेल्वेमार्ग आधी मागायचा

पुणे–मिरज लाईन सह्याद्रीच्या पूर्वेला, कोकण रेल्वे पश्चिमेला. दोन्ही उत्तर-दक्षिण धावतात, आणि वर पनवेल व खाली मडगाव सोडलं तर मध्ये कुठेच एकमेकींना जोडलेल्या नाहीत. ही पोकळी भरायला दोन मार्ग कितीतरी वर्षं कागदावर आहेत: कराड–चिपळूण आणि कोल्हापूर–वैभववाडी. दोन्हींची लांबी शंभर ते एकशेदहा किलोमीटरच्या घरात, आणि दोन्हींना घाट उतरायचा आहे. सांगली, मिरज, इचलकरंजीकडच्या प्रवासी मंडळींपुढे हल्ली हाच प्रश्न असतो की दोन्ही मार्ग एकदम मिळणार नसतील तर आपला जोर कुठे लावायचा. मी कोल्हापुरात राहतो, गाव कणकवलीकडे. सही मी वैभववाडीच्या निवेदनावर केली आहे. तरी कराडची बाजू लंगडी आहे असं मला वाटत नाही, म्हणून आधी तीच मांडतो.

कराडच्या बाजूनं सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे चिपळूण. तिथे कोकण रेल्वेच्या बऱ्याच गाड्या थांबतात, लोटे परशुरामची औद्योगिक वसाहत जवळ आहे, गावही मोठं आहे. वैभववाडी रोडला थांबणाऱ्या गाड्या मोजक्याच. आमच्याकडच्या लोकांना दिवा–सावंतवाडी गाडीचा आधार, बाकी बऱ्याच गाड्यांसाठी कणकवली गाठावी लागते. दुसरं, कराडचा मार्ग पाटण तालुक्यातून जाईल. कोयनेच्या धरणानं राज्याला वीज दिली, पण त्या खोऱ्यात आजवर रेल्वे गेली नाही. पाटणच्या माणसानं या मार्गासाठी भांडावं यात काहीच गैर नाही. तिसरा मुद्दा पावसाळ्याचा. जुलै २०२४ मध्ये खेडजवळ दिवाणखवटीला दरड रुळांवर आली आणि कोकण रेल्वे ठप्प झाली. अशा वेळी गाड्या मडगाव–लोंढा–मिरज–पुणे असा भलामोठा वळसा घालून काढाव्या लागतात. कराडहून चिपळूणला उतरता आलं असतं तर हा वळसा खूपच आखूड झाला असता. हा गुण वैभववाडीतही आहे, पण दरडींचा त्रास उत्तरेकडे झाला तर कराड जास्त उपयोगी, हे मान्य करायला हवं.

पुणेकर मात्र कराडच्या मार्गावर जितकी आशा ठेवतात तितकी ठेवण्यासारखी परिस्थिती मला दिसत नाही. पुण्याहून कर्जत–पनवेल–रोहा करत चिपळूण साधारण सव्वातीनशे किलोमीटर पडतं. कराडमार्गे गेलं तर पुणे ते कराड दोनशे आणि पुढे नवा मार्ग, म्हणजे तीनशेच्या थोडं पुढेच. एवढा पैसा ओतून, नवा घाट उतरून पुणेकराच्या हाती वीसएक किलोमीटरची बचत. सातारा आणि कराडला फायदा निश्चित आहे, पुण्याला फारसा नाही.

आता तेच गणित कोल्हापूरचं करून पाहा. गगनबावडा आणि करूळ घाटातून वैभववाडी रस्त्यानं ऐंशीएक किलोमीटर. रेल्वेनं जायचं म्हटलं तर आज मिरज, बेळगाव, लोंढा, मडगाव आणि मग परत वर, असा साडेचारशे किलोमीटरच्या आसपासचा फेरा. शेजारच्या जिल्ह्यात जायला कर्नाटक आणि गोवा ओलांडायचा. म्हणून सगळे एसटीनं किंवा स्वतःच्या गाडीनं जातात. २०२४ मध्ये करूळ घाट कामासाठी बंद होता तेव्हा भुईबावडा किंवा फोंडा घाटातून फिरावं लागलं. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना त्या अरुंद वळणांवर समोरून ट्रक आला की काय होतं ते वेगळं सांगायला नको.

पण माझा निर्णय घाटानं झाला नाही. तो मिरजेनं झाला.

कोल्हापूरहून पुण्याकडे रेल्वेनं जाणाऱ्याला मिरज चुकत नाही, आणि बहुतेक गाड्यांत मिरजेतली इंजिनाची उलथापालथही चुकत नाही. कोल्हापूरची लाईन मिरजेत पश्चिमेकडून शिरते, सांगली-पुण्याची लाईनही त्याच अंगानं बाहेर पडते. त्यामुळे इंजिन या टोकाला सुटतं, त्या टोकाला लागतं, ब्रेकची तपासणी होते, आणि तोंड पुढे करून बसलेला प्रवासी पाठ पुढे करून सांगलीकडे निघतो. कधी वीस मिनिटं जातात, कधी अर्धा तास. रात्रीच्या गाडीत झोप लागलेली असेल तर कळत नाही. दिवसा, मुलंबाळं बरोबर असताना, फलाटावर उभ्या गाडीत बसून तो अर्धा तास फार लांबतो. उन्हाळ्यात तर डबा तापतो, चहावाले येऊन जातात, आणि शेजारचा नवखा प्रवासी हमखास विचारतो, 'गाडी परत कोल्हापूरला चालली की काय?'

हे पुण्यासाठी सोसतो, कारण दुसरा इलाज नाही. पण कराड–चिपळूण झाला आणि वैभववाडी मागे पडला, तर कोकणात जायलाही मला हेच करावं लागणार. समुद्र पश्चिमेला, आणि मी आधी पूर्वेला मिरजेला जाणार, तिथे इंजिन फिरवणार, उत्तरेला ऐंशी किलोमीटर कराडला चढणार, घाट उतरून चिपळूणला पोचणार आणि तिथून पुन्हा दक्षिणेला कणकवलीपर्यंत येणार. बेरीज चारशेच्या पुढे जाते, म्हणजे गोव्याच्या फेऱ्याहून फार वेगळी नाही. रत्नागिरीचंही पाहिलं: वैभववाडीमार्गे दोनशेच्या आत, कराडमार्गे तीनशेच्या वर. हे हिशेब मांडल्यावर माझ्यापुरता प्रश्न उरला नाही.

सांगलीच्या लोकांचं थोडं वेगळं आहे. त्यांना कोल्हापूरमार्गे जायचं तर मिरजेत त्यांचीही गाडी उलटी होणार, आणि कराड त्यांना सरळ रेषेत आहे. चिपळूणपुरतंच काम असेल तर त्यांनी कराडच्या मागे उभं राहावं, मी वाद घालणार नाही. मात्र रत्नागिरीच्या खाली, राजापूर, कणकवली, कुडाळकडे येणं-जाणं असेल तर वैभववाडीचा विचार जरूर करावा. मिरज, जयसिंगपूर, हातकणंगले इथून चढणाऱ्यांना तर कोल्हापूरकडे गाडी तशीच सरळ जाते.

बांधकामाच्या बाबतीत मी जाणकार नाही, पण भूगोल दिसतो तेवढा दिसतो. चिपळूण वाशिष्ठीच्या काठी, समुद्रसपाटीच्या अगदी जवळ, त्यामुळे कुंभार्ली घाटाच्या बाजूनं खूप उतरावं लागेल. शिवाय हा सगळा भाग कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाचा, आणि तिथे आजही जमीन अधूनमधून हलते. बोगदे तिथेही होतील, पण काळजी जास्त घ्यावी लागेल. जंगल दोन्हीकडे आहे, त्यात कोणी कोणाला बोट दाखवू नये. कोल्हापूर–वैभववाडी २०१६-१७ च्या रेल्वे अर्थसंकल्पात, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना मंजूर झाला. कराड–चिपळूण खासगी भागीदारीतून करायचं ठरलं होतं, ते पुढे फिसकटलं. मंजुरी म्हणजे रूळ नव्हेत हे इतक्या वर्षांत कळलंच आहे, तरी नव्यानं सुरुवात करण्यापेक्षा मंजूर झालेलं पुढे नेणं सोपं, असं मला वाटतं.

एक गोष्ट मात्र वैभववाडीच्या समर्थकांनी स्वतःच विचारायला हवी. कोल्हापूरचं स्थानक शहराच्या पोटात आहे. तिथून रूळ थेट पश्चिमेला नेणं अवघड दिसतं. नवी लाईन स्थानकाच्या अलीकडूनच फुटली, तर मिरजेकडून कोकणात जाणारी गाडी एकतर कोल्हापूर स्थानकात येणारच नाही, किंवा तिथे इंजिन फिरवावं लागेल. कोल्हापुरात चढणाऱ्याला फरक पडणार नाही, सांगली-सोलापूरच्या गाडीला पडेल. त्यामुळे निवेदनात नुसतं 'मार्ग लवकर करा' लिहू नका. जोडणी कुठून असेल याची विचारणा करा, आणि मिरजेच्या कॉर्ड लाईनची, म्हणजे मिरज स्थानकात न शिरता सांगली आणि कोल्हापूरच्या लाईनी थेट जोडणाऱ्या रुळांची, जुनी मागणी त्याच कागदावर, त्याच सह्यांनी, दुसऱ्या क्रमांकाला घाला. ती लाईन झाली तर पुणे-सांगलीची गाडी इंजिन न फिरवता कोल्हापूरकडे वळेल, आणि सांगलीकरांना आज वैभववाडीबद्दल जी हरकत आहे ती बरीचशी निघून जाईल.